तिसरी तार

मानवतच्या तेहतीस केव्ही उपकेंद्रात
बदलून गेलेले ज्युनिअर इंजिनीअर गिटार विसरले,
की मुद्दाम ठेवून गेले, ठाऊक नाही.
सहा महिने ती बॅटरी-रूममध्ये
रबरी हातमोजे आणि अर्थिंग रॉडच्या मधे उभी.
स्टॉकच्या रजिस्टरात नाव नाही,
म्हणून कुणी हात लावला नाही.

मी लावला. वय सेहेचाळीस.
लाईनमन. बावीस वर्षं तारेवर.

पहिल्याच रात्री सगळ्यात बारीक तार तोडली.
पान्याच्या सवयीनं खुंटी पिळत गेलो,
ती किंचाळली आणि भुवईवर वळ उठवून गेली.
नव्या पोरांना मीच सांगत आलोय,
तार ताठ बांधू नका रे,
थंडीत आकसायला जागा ठेवा, उन्हात लोंबू द्या.
आणि हे लाकूड म्हणतंय, झोळ नको,
केसाएवढासुद्धा नको.

एजाजभाई बँजो पार्टीवाले,
लग्नसराई संपली की रिकामे.
नवी तार त्यांनीच बसवली. म्हणाले,
"मुंजाजी, ताकद बक्कळ हाय तुमच्याकडं.
कान कुठं ठिवला?"
मग दाखवलं. जाड तार पाचव्या पडद्यावर दाबायची,
तिच्या खालची मोकळी सोडायची, दोन्ही एकदम,
आणि दोघींचं भांडण ऐकायचं.
व्यांव व्यांव व्यांव.
खुंटी गव्हाच्या दाण्याएवढी फिरली की
व्यांऽव… व्यांऽऽऽव…
आणि मग भांडणच नाही.
तिसरीवरून दुसरी लावताना मात्र चौथा पडदा.
"कामून?"
"तिलाच इचारा. मला बी न्हाई सांगितलं."

दोर ओढून, पोल चढून
तळहात चपलेच्या तळासारखे झालेले,
पण डाव्या बोटांची टोकं!
तिथं बावीस वर्षांत कशाचंच काम पडलं नव्हतं.
भाकरीचा पापुद्रा काढतानाही झोंबायची.
सी धरायला अडीच आठवडे,
सीवरून जीवर जाईपर्यंत
पॅनेलवरचे चारही मीटर वाचून होत.

आता सहाजणी एकमेकींशी जुळायच्या,
पण पहिलीनं कुणाशी जुळायचं?
एजाजभाईंची पेटी पाथरीला, दुरुस्तीत.

चैत्रातली रात्र, दीडचा सुमार. खिडकी उघडी.
यार्डात पाच एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर
घुमत होता, रोज घुमतो तसा.
इतकी वर्षं मी त्याचा आवाज फक्त
तो बिघडला का, एवढ्यासाठी ऐकलेला.
सहज तिसरी तार मोकळी सोडली
आणि तिचं त्याच्याशी भांडण सुरू झालं.
व्यांव व्यांव.
खुंटी हलकेच फिरवली.
भांडण मिटलं.
मी खुर्चीत तसाच बसलो. चहा गार.

प्रांजली सुट्टीला आली, तिनं मोबाईल समोर धरला.
काटा सहाही वेळा लाल.
"पप्पा, सगळ्याच चढ्या आहेत थोड्या."
एजाजभाईंना सांगितलं तर बिडी विझवत म्हणाले,
"सहाच्या सहा? सारख्याच?
मंग भांडण मोबाईलचं हाय, तुमचं न्हाई."
तिला ते पटलं नाही. मलाही पुरतं नाही.
पण मी खुंट्या हलवल्या नाहीत.

परवा वारं सुटलं, कोल्हा फीडर ट्रिप झाला,
पाठोपाठ मागूनच सप्लाय गेला.
ट्रान्सफॉर्मर मुका.
अंधारात चाचपत तिसरी छेडली,
तर तिच्यात त्याचा सूर तसाच होता,
कुणी किल्ली शेजारी ठेवून गावाला जावं तसा.

तीन चाळीसला सप्लाय आला.
लॉगशीट भरलं, कोल्हा सोडून सगळे चालू.
शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला.
पक्कड, टेस्टर, दोर घेतला,
तेवढ्यात बॅटरी-रूममधून बारीक काहीतरी.
टॉर्च मारला. भिंतीला टेकलेली गिटार,
आसपास कुणी नाही,
आणि एकटी तिसरी
थरथरत होती.

"मुंजाजीमामा, निघता का?" गाडीवरून पोरगा ओरडला.
"तार पार बांधावर आलीय म्हणं!"
निघालो. किती लोंबू द्यायची,
ते तिथं जाऊन बघू.