झडपेच्या दुरुस्तीसाठी

ऑक्टोबरात काउंटीने तलावाचं पाणी उतरवलं.
झडप गळत होती म्हणे, बावीस वर्षं.
पाणी बारा फूट खाली गेलं
आणि आम्ही गमबूट चढवून उतरलो
जिथे आजवर फक्त आमचे गळ जाऊन आले होते,
किंवा आले नव्हते.

केंटकीचा लाल चिखल, पोटरीपर्यंत.
तळ इतका साधा असेल असं वाटलं नव्हतं.
ज्याला आम्ही डोह म्हणायचो
ती तंबाखूच्या जुन्या शेताची उतरती कड.
आणि मोठ्या बासचं घर म्हणून
अकरा उन्हाळे, पहाटे साडेपाचला
मी जिथे होडी उभी केली
तिथे एक वॉशिंग मशीन.
दार उघडं. आत वीतभर पाण्यात
तळव्याएवढा एक ब्लूगिल,
आपली पाळी कधी येते बघत असल्यासारखा.
त्याला टोपीत घालून ओढ्याच्या पात्रात सोडलं,
तिथे क्रॅपी आणि कॅटफिश आधीच दाटीवाटीने.

ओकच्या बुंध्याबुंध्याला आमिषं लटकलेली.
जांभळी रबरी गांडुळं, रंग उडालेले लाकडी मासे,
शिशाचे गोळे, दोऱ्यांची जळमटं.
लोक बादल्या घेऊन वेचत होते.
हा माझा. हा तुझ्या बापाचा.
वेल्डा स्पर्लॉकने एका बुंध्यावर सतरा मोजले,
नऊ तिचेच.
म्हणाली, इतक्यांदा तर मी नवऱ्याकडेही परत गेले नाही.

ओरिन टॅकेट काठावर, घडीच्या खुर्चीत.
गुडघे चिखलाला भितात त्याचे.
त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ:
एक्क्याण्णवचा मे, अंधार पडायला अर्धा तास,
स्वतः कोरलेला सीडरचा मासा,
पोटाला बायकोचं लाल नेलपॉलिश.
ओढला नाही, पळाला नाही, नुसता जड.
मग एकदाच मान झटकली
आणि दोर तुटला.
दहा पौंड होता.
नातवंडं झाली तेव्हा बारा.
यंदा चौदा.
सुटलेला मासा असाच खातो-पितो, माणसाच्या तोंडात.

तो मला सापडला. नेलपॉलिशसकट.
कुंपणाच्या कलंडलेल्या खांबाजवळ,
काटेरी तारेत दोन्ही गळ रुतलेले.
मी तार ओढून पाहिली.
आधी नुसती जड लागली.
मग झटकली, एकदाच,
अगदी मान झटकावी तशी.

काही मिळालं का रे, ओरिन काठावरून ओरडला.
मी म्हणालो, तुझं काही नाही.

मार्चपर्यंत तलाव भरला.
एप्रिलात पाणी कोमट झालं, बास उथळात अंडी घालायला आले,
आणि ओरिन माझ्या होडीच्या नाकाशी बसला,
मांडीवर थर्मास.
तिकडे घे, म्हणाला. बोटाने दाखवायची गरज नव्हती.
बॅटरीची मोटर बंद केली, वल्ह्याने नेली,
आणि खांबापासून तीन हात डावीकडे धरली,
तार लागणार नाही इतपत.

पाचव्या फेकीला एक लागला. दीड पौंड असेल, फार तर.
ओरिनने ओल्या हातांनी त्याचा जबडा उघडला,
चष्मा कपाळावर सरकवून आत पाहिलं
बराच वेळ,
दाताच्या डॉक्टरासारखं.
मग सोडून दिला.

हा नाही, म्हणाला.

माझ्या कोटाच्या डाव्या खिशात
अस्तराला काहीतरी अडकलंय.
हात घातला की टोचतं.
मी हात घालत नाही.