अकरा महिने

करार अकरा महिन्यांचा.
बारावा महिना कुणाचाच नसतो,
तेवढाच फ्लॅट माझा असतो.

खारघर, सेक्टर बारा, तिसरा मजला, वन बीएचके.
वाशीच्या मार्केटात सत्तावीस वर्षं
दुसऱ्याच्या गाळ्यावर दुसऱ्याच्या कांद्याचा हिशेब लिहिला,
त्याच्या ह्या एवढ्या भिंती झाल्या.
हे म्हणाले होते, बँकेत ठेव, शांत झोप लागेल.
मी म्हटलं, झोप काय, मेल्यावर आहेच.

दलाल खुटवड गाडीवरून उतरता उतरता म्हणाला,
"ताई, चार कॉलेजं, पायी दहा मिनिटं.
फॅमिलीला दिलंत तर एक भाडं,
पोरांना दिलंत तर..."
आणि चार बोटं नाचवली.
अंगठा आत दुमडलेला.
तो त्याचा, एका महिन्याचा.

सोसायटीचे साळसकर म्हणाले, "बॅचलर? लिफ्ट बिघडते हो बॅचलरनं."
मग पावती फाडली आणि लिफ्ट चालू राहिली.

बावीस हजार येतात.
त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर,
गिझरची कॉइल, दर वर्षी एक नळ,
आणि मे महिना, अख्खा, कोरडा.
वहीत खाली उरतात शेकडा अडीच.
कांद्यात याहून बरे सुटायचे.
पण कांदा सडतो.
(भिंतही सडते, मोरीच्या मागून, जरा सावकाश.)

मार्चमध्ये गिझरची तक्रार आली, मी न कळवता गेले.
दार उघडलं कुडाळच्या निनादनं,
हातात माणसाच्या मांडीचं हाड,
भाजी ढवळता ढवळता कुणी पळी घेऊन दाराशी यावं तसं.
"प्लॅस्टिकचं आहे, काकू," मी विचारायच्या आत.
आत चोपड्याचा मोईन, नांदेडचा विश्वदीप,
दोघं एकदम उभे राहिले.

बाथरूममध्ये साबण एक, ब्रश चार.
करारात नावं तीन.
दोनदा मोजले. हिशेबनिसाचं बोट, सवय जात नाही.
मग बाल्कनीत गेले.
वाळत घातलेली चादर, तिच्यामागे गुंडाळलेली गादी,
गादीखाली
दोन अनवाणी पावलं, बोटं आत वळलेली,
श्वास रोखून धरल्यासारखी.

ठाण्याला, चरईत, कॉट बेसिसवर,
तीन कॉटांच्या खोलीत चौथी मी.
मालकीणबाई जिन्यात खोकल्या की
ट्रंकेसकट गच्चीवर, टाकीमागे.
एकदा त्या चहाला बसल्या त्या बसल्याच.
टाकी भरून वाहत होती, पाय भिजत होते, हलायचं नव्हतं.
खालून त्यांचं हसू ऐकू येत होतं.
वाईट बाई नव्हती. आता कळतं,
तिलाही कुठलातरी नळ बदलायचा असणार.

"गिझर बघते," मी म्हटलं,
चादरीकडे पाठ करून, जरा मोठ्यानं.
आणि जिना उतरताना राहवलं नाही म्हणून,
"पाण्याचं बिल फार येतंय हं."

आता मे आहे. पोरं गावाला.
डोंगर समोर करपलेला, खोलीत माझ्या चपलांचा आवाज.
भिंतीवर खिळ्यांची नऊ भोकं, टूथपेस्टनं बुजवलेली,
बोटानं सारखी केलेली.
डिपॉझिटमधून मी भोकाला पन्नास कापते.
नाक भिंतीला लावून बघितलं, पुदिना.
नऊ पन्नास साडेचारशे.
लिहिले. मग खोडले. मग दोनशे लिहिले.

खुटवडचा फोन. "तीच पोरं परत घेताय ना?
तीन नावं, मागच्यासारखीच?"
चार घाल.
"चौथा कोण?"
त्यांनाच विचार. मला फक्त पाय ठाऊक आहेत.
"आणि भाडं, ताई?"

भाडं चौघांचं लाव.