अर्थ

रुवीत, हाय स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत
शटर वर गेलं की मजीदचाचा आधी
विक्सच्या रिकाम्या डबीत अंगठी टाकतात.
मग घड्याळ. मग माझ्याकडे बघतात.
मीही काढतो.
"सोनं फार भोळं," ते म्हणतात,
"बोलावेल त्याच्यामागे जातं."

टेबलावर सोहारच्या एका मास्तरांचा कॉम्प्युटर.
पंख्यात वाळू, तळाशी वाळलेलं झुरळ.
वायर काढली तरी चाचा हात लावू देत नाहीत.
बटण दाब. धरून ठेव.
पंखा अर्धा वेढा हलतो, थांबतो.
"बघ. कुठून काही येत नव्हतं, तरी होतं ना?"

पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही.
का, ते त्यांचा अंगठा सांगतो:
नखाशेजारी मसुराएवढा डाग,
अठ्ठ्याण्णव साल, मत्रा, घाई.

बाहेर बेचाळीस. आत एसीची हवा इतकी सुकी
की दाराची मूठ चावते.
रॅमची पट्टी त्याहून बारीक चाव्यानं मरते,
आवाज न करता,
आणि गिऱ्हाईक महिन्याभरानं भांडायला येतं.

म्हणून मनगटाला पट्टा, पट्ट्याला तार,
तार जमिनीला. मधे एक मेगाओमचा दाणा.
बांधायचंच, तर अडवायचं कशाला? मी विचारलं.
"थेट जमिनीला बांधलेला माणूस
पहिल्या झटक्यात जातो रे,"
म्हणाले, आणि चहातलं बिस्कीट विसरले.

त्या संध्याकाळी दापोलीहून फोन.
चाची सांगत होत्या,
फ्रिजला हात लावला की अजून मुंग्या येतात.
सत्तावीस वर्षं इथून पैसे गेले त्या घराला,
टाइल्स गेल्या, गीझर गेला, झुंबर गेलं.
वायरमन बघून म्हणाला,
"चाची, तुमच्या घराला अर्थच नाही."
चाचा एवढंच बोलले: चप्पल घालून उघड.
मग बराच वेळ
बंद पडलेला एक माऊस पुसत बसले.

काल गेले सुट्टीवर.
बॅगेत चॉकलेटं, टायगर बाम, नातीची बाहुली,
आणि सगळ्यांखाली, टॉवेलात गुंडाळलेली
तांब्याची जाड पाटी.
मीठ-कोळसा तिकडेच मिळेल, म्हणाले.
खड्डा मी खणणार. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही.

आज शटर मीच वर केलं.
डबीत एकच अंगठी वाजली.
वायर काढली, बटण दाबलं,
दाबून धरलं
पंखा थांबल्यावरही.