सहा नंबरचा गळ

इलाहीच्या दुकानात गळांचे नंबर उलटे चालतात.
दोन नंबर मोठा, दहा नंबर बारका.
उद्यमनगरात लेथवर एकतीस वर्षं काढली,
केसभर माप सुटलं तर जॉब भंगारात,
तरी हे गणित मी दरवेळी बोटांवर मोजतो.

"मरळीला कुठला चालंल?"
"मरळीला इचारून या," म्हणतो इलाही,
आणि डबा पुढं सरकवतो.

तीन तोंडांचा गळ मी घेत नाही.
बंधाऱ्याखाली चिंध्या आहेत, निर्माल्याच्या पिशव्या,
कुणाची तरी फाटकी जाळी.
तिन्ही तोंडं आधी तिथंच चावतात.
एक टोक बास. दांडा लांब.
नखावर टेकवायचं, हलकं ओढायचं:
घसरला तर परत डब्यात,
रुतला तर खिशात.
अंगठ्याच्या नखावर माझ्या
अशा रेघा आहेत, कायमच्या.

पातं मात्र दुकानातलं नको.
त्यासाठी हुपरी.
बाबगोंडा हातानं पैंजण करायचा,
आता मशीन करतं.
तो पितळेचे, जर्मन सिल्व्हरचे तुकडे राखून ठेवतो
आणि मी आलो की चहाआधी ऐरण काढतो.

मी त्याला सांगतो, गढूळ पाण्याला पितळ.
निवळीला पांढरं, पण घासून मंद केलेलं,
फार लखलखलं की मासा शहाणा होतो.
ओढीला कण्हेरीच्या पानासारखं,
संथ डोहाला जुन्या रुपयासारखं, गोल.
तो हं हं म्हणतो.
मासा त्यानं ताटातसुद्धा घेतलेला नाही उभ्या जन्मात.

ठोकतो. वाकवतो. कानाशी धरून नखानं टिचकी मारतो.
"हे मुकं हाय." बाजूला.
"हे बी." बाजूला.
मी म्हणालो, पाण्यात आवाज कशाला,
माशाला कुठं कान?
मग माझं मलाच आठवलं,
मासा कुशीनं ऐकतो,
अंगावरच्या त्या एका रेघेनं.
गप्प बसलो.

चौथं पातं त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं.
पाठीवर कोयरी कोरलेली, तांदळाएवढी.
"सवय," म्हणाला, आणि चहा सांगितला.

बुधवारी पहाटे, राजाराम बंधारा.
सहा नंबरचा गळ, पितळेचं पातं.
पहिल्याच फेकीला दोरीत ती थरथर आली,
मनगटातून कोपरापर्यंत,
लेथ नीट बसला की येते तशी.
दुसरी फेक.
तिसऱ्या फेकीला काहीतरी जड,
एकदाच वळलं,
आणि दगडाखाली गेलं, दोरीसकट.

दुपारी कामावर बाबगोंडाचा फोन.
"फिरलं का?"
"फिरलं."
"मग झालं."
मासा त्यानं विचारला नाही.

जेवणाचा डबा उघडता उघडता मनात आलं,
राधानगरीचं पाणी कालच सोडलंय,
शनिवारपर्यंत ओढ राहील.
म्हणजे त्या दगडाखाली
ते अजून फिरत असणार.