गुरुवारी, साडेपाचला

खुर्च्या चाळीस मांडतो. येतात अकरा, फार तर तेरा.
तरी चाळीसच मांडतो.
रिकामी खुर्ची उचलायला हलकी;
आलेलं माणूस उभं राहिलं तर जड जातं.

टेबलावर काचेचा पेला, पेल्यावर बशी.
मागच्या गुरुवारी विषय होता पणजीचे जुने नळ,
आणि नेमकं त्या दिवशी आमच्याच नळाला पाणी नव्हतं.
कोपऱ्यावरच्या तावेर्नातून दोन बाटल्या आणल्या.
हिशेबात लिहिलं:
व्याख्यान, पाणी, रुपये चाळीस.

आज खाजन शेती, बांध आणि मानस.
प्राध्यापिका एर्मेलिंद कुलासो पडद्यावर नकाशा दाखवतात:
ही नदी, हा बांध, हे भात, ही कोळंबी,
आणि मधे हे लाकडी दार.
भरती आली की आपोआप मिटतं,
ओहोटी लागली की आपोआप उघडतं.

शेवटच्या रांगेतून हात वर.
विसू तारी. आखाड्याहून आलेले, दोन बसगाड्या बदलून,
मांडीवर छत्री आणि पावाची पिशवी.
"आपोआप?" ते म्हणतात.
"बाई, मी एकतीस वर्षं त्या आपोआपाजवळ निजलो."

कोणी हसत नाही.
ते सांगतात: खेकडा बांधाला भोक पाडतो करंगळीएवढं,
सकाळपर्यंत त्यातून माणूस जातो.
अवसेच्या रात्री कंदील नको, डोळे फसतात.
फळीला कान लावायचा.
गोडं पाणी निघताना बोलतं.
खारं शिरताना बोलत नाही,
तेवढ्यावरून ओळखायचं.

आणि उठून पुढे येतात,
टेबलाला कान लावून दाखवतात
असा.
पंखा फिरतो. पेल्यातलं पाणी थोडं हलतं.
कुलासोबाई वही उघडून लिहायला लागतात.

नंतर चहा. लोक पांगले.
विसू तारी दालनात एकटेच उभे,
काचेआड नसलेल्या त्या एकाच वस्तूसमोर:
क्रमांक दोनशे बारा, मानशीचं दार,
माटीचं लाकूड, काळ अनिश्चित, कृपया हात लावू नये.
त्यांनी हात लावला.
मी पाठ केली, रिकामे कप मोजत राहिलो.

"चिरलं," ते म्हणाले.
"शंभर वर्षं पाण्यात होतं, काही झालं नाही.
तुम्ही ह्याला सुकतीत ठेवलंय.
ओहोटी म्हणा, सुकती म्हणा,
भरतीच येत नाही हिला."
मग घड्याळ पाहिलं. शेवटची बस सातला.

नियमांचं पुस्तक आहे माझ्याकडे, पान नऊ:
प्रदर्शित वस्तूंजवळ द्रवपदार्थ नेऊ नयेत.
मी ते पान वाचलेलं आहे.

तेव्हापासून गुरुवारी खुर्च्या आवरल्यावर
मी बाटली घेऊन धक्क्यावर जातो.
मांडवीत कॅसिनोचे दिवे लांबच लांब वितळतात,
त्यांच्याखालून भरून घेतो.
पेल्यात उरलेलं गोडं चालणार नाही,
एवढं मला कळलंय.
फडका भिजवतो, फळीवरून फिरवतो,
वरून खाली, मग भेगेत.
एकदा कान लावला.
काही ऐकू आलं नाही.
ते बरं की वाईट, हे विचारायचं राहिलं,
आणि विसू तारी पुन्हा आले नाहीत.

काल क्युरेटर तपासणीला आल्या.
बोटाने पुसून पाहिलं, बोट नाकाशी नेलं,
चाखलं मात्र नाही.
नोंदवहीत त्यांच्या सुबक अक्षरात:
क्रमांक दोनशे बारा. पृष्ठभागावर पांढरा थर.
कारण अज्ञात.