शेपू जास्त, फेब्रुवारी

तिसऱ्या बाकावर, खिडकीकडे, ती बसायची
आजोबांच्या डाव्या हाताला.
त्यांचा उजवा कान ट्रॅक्टरनं नेलेला,
डाव्यात ती पास्टरचं प्रवचन
आखडून सांगायची:
"म्हणतोय, क्षमा करा. बाकी मागच्या रविवारचंच."

एरहार्ड गेल्यावरही
ती त्यांची जागा सोडूनच बसली.
कुणी पाहुणा डोकावला, की पर्स ठेवायची तिथं.

बरोसातला डिसेंबर, चाळीस डिग्री,
उद्या नाताळ.
वेदीच्या कापडावर घाम पडू नये म्हणून
कपाळाला रुमाल बांधून
इस्त्री फिरवणारी ओटिली नोस्के.
आईच्या मते हट्टी,
माझ्या मते उंच
(पाच फूटसुद्धा नव्हती).

काल तिला द्राक्षमळ्यापलीकडे
निलगिरीखाली ठेवून आलो.

तळघरात काकड्यांची एकच बरणी उरलेली.
झाकणावर पेन्सिलीनं: शेपू जास्त, फेब्रुवारी.
कुणी उघडेना.
मामा म्हणाला, राहू दे, आठवण.
मावशी उसळली,
"आई ओरडली असती!
देवानं दिलेलं कपाटात कुजवता?"

झाकण काही हलेना.
चार हातांतून फिरून बरणी माझ्याकडे आली.
ती दाखवायची तसा
बुडावर तळहात एकदाच मारला

आणि खोलीभर ती.

उभ्या उभ्याच खाल्ल्या आम्ही,
कुरकुर आवाज करत,
डोळे पुसायला व्हिनेगरचं निमित्त होतंच.

आज रविवार.
मी खिडकीकडे बसले
आणि शेजारी
पर्स ठेवली.