पान दोनशे तेरा

मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयात
वरच्या मजल्याची जमीन काचेची. जाड, हिरवट.
खाली कपाटापाशी उभं राहिलं
की डोक्यावरून कुणाच्या तरी तळव्यांच्या सावल्या सरकत जायच्या.
तिथे मी विलायती कादंबऱ्या वाचायला शिकले,
एका हातात डिक्शनरी, पर्समध्ये शेंगदाण्याची पुडी.
(पुडी आत चालत नसे. मी नेत असे.)

हीदर म्हणजे काय? डिक्शनरी म्हणाली, एक झुडूप.
एवढ्यावर कसं भागावं?
मी तिथे घाणेरी लावली.
मैलोगणती उजाड टेकड्यांवर, बोचऱ्या वाऱ्यात,
विश्वामित्रीच्या काठची घाणेरी,
आणि तिच्यातून शाल आवळून निघालेली कुणी हट्टी मुलगी,
जिला चिखलाची भीती नव्हती.
मगरीची मी तिच्या वतीने बाळगायची.

पुढे लीड्सहून भाच्याने फोटो पाठवला. खरी हीदर.
जांभळी, नीटनेटकी, गुडघ्याएवढीही नाही.
‘छान’ असं कळवलं त्याला.
घाणेरी उपटली नाही.

एका रहस्यकथेच्या नवव्या पानावर
कुणीतरी पेन्सिलीने गुजरातीत लिहून ठेवलेलं:
खूनी माळी छे.
तरी वाचली. माळ्यावर डोळा ठेवून,
त्याच्या कात्रीवर, ओल्या बुटांवर,
त्याच्या गरीब गप्प राहण्यावर.
खुनी माळी नव्हता.
कोण होतं, ते आता विसरले.
माळ्याची माफी मागायची राहिली
तेवढं आठवतं.

सोडून दिलेलीही पुष्कळ.
शिडांच्या नावांनी खच्चून भरलेलं एक जहाज,
ते बंदरातून निघायच्या आत मी उतरले.
एक पाद्री आणि त्याच्या कोंबड्या:
तीनदा सुरू केलं, तीनदा चाळिसाव्या पानावर डोळा लागला.
मुदत वाढवून मिळाली. झोपही.
ह्यांचं काही वाटत नाही.

पण ती लोकरीच्या गिरण्यांच्या गावातली, जाडजूड,
मिसेस टॅटरसॉलची.
ती मी दिवसा वाचायची आणि रात्री
दांडिया बाजारच्या गच्चीत ह्यांना मराठीत सांगायची.
ह्यांचं इंग्रजी फॅक्टरीतल्या लेबलांपुरतं.
ताटावरून उठता उठता विचारायचे,
‘मग? काय म्हणतात आज टॅटरसॉल वहिनी?’
वहिनींची उधारी, वहिनींचा खोकला,
दोन वर्षं पत्र न आलेला त्यांचा नवरा.
हे म्हणायचे, येईल तो. मी म्हणायची, पुढचं वाचू नका मनाने.

दोनशे तेराव्या पानाशी वहिनींनी किटली चढवली
आणि बाहेर फाटकाची कडी वाजली.
त्याच संध्याकाळी फॅक्टरीतून माणूस आला,
ह्यांना सयाजी हॉस्पिटलात नेलंय.

पुस्तक महिन्याने शेजारच्या कीर्तीबेनने परत केलं.
दंड तिनेच भरला. किती, ते सांगितलं नाही.

एकोणीस वर्षांनी, या चैत्रात,
काउंटरवरची मुलगी म्हणाली, मासी, आ रद होतंय,
तुम्हाला हवं तर न्या.
माझ्याआधी हे नेणाऱ्या कुणाचं तरी
पाद्र्याच्या गाडीचं पुठ्ठ्याचं तिकीट अजून आत होतं,
खूण म्हणून, दोनशे तेरामध्येच.
त्याचं स्टेशन आलं असेल.
मी तेव्हा ते उचललं नव्हतं, आताही नाही.

घरी आणलंय. मुदत नाही, शिक्का नाही.
पुढची दोन पानं दमटीने एकमेकांना चिकटलीत.
धरून पाहिलं उजेडात:
मागच्या ओळी उलट्या दिसतात, एक मोठं अक्षर,
त्याचं नाव त्याने सुरू होतं. किंवा पोस्टमनचं.

नखाने सुटतील.
सोडवते.
आधी चहा टाकते.